पाच कोरी पानं

कांचनने केशरी पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि चोवीस जानेवारीच्या पानावर पळसाचं तिसरं फूल काढायला घेतलं. तिला नीट काढता येतील अशा गोष्टी जगात दोनच होत्या: एक पळसाचं फूल आणि दुसरी दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य. सूर्य सतरा जानेवारीच्या पानावर खर्ची पडला होता.

घड्याळात साडेआठ झाले होते. नवरा प्रतीक आणि लेक शमिका स्टेशनवर गेले होते, प्रतीकच्या वडिलांना आणायला. गाडी पाऊण तास उशिरा धावत होती, आणि रेल्वेच्या उशिराबद्दल देवाचे आभार मानणारी त्या सकाळी अख्ख्या भोपाळमध्ये बहुधा ती एकटीच असावी. अजून तीन पानं भरायची होती. आठ वर्षांच्या मुलीचं अक्षर काढताना छत्तीस वर्षांच्या बाईच्या मनगटाला कळ लागते, हेही तिला आजच कळलं. शमिकाचा 'ळ' पोटात मोठा आणि शेपटीला बारीक असायचा. कांचनचा सारखा सुबक होत होता.

वहीवर शमिकाने रंगीत खडूने नाव घातलं होतं: निसर्गवही. पहिल्या पानावर गेल्या एप्रिलमध्ये कांचननेच ठसठशीत अक्षरात एक नियम लिहून दिला होता. 'डोळ्यांनी पाहिलं तेच लिहायचं. पाहिलं नाही, तर पान कोरं सोडायचं.' खाली मायलेकींच्या सह्या. आज ते पान नजरेला पडू नये म्हणून तिने वही मधूनच उघडली होती. उद्या झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. उपासकाळाचे चाळीस दिवस तिने चहातली साखर सोडली होती. खोटं सोडायचं मात्र यादीत नव्हतं.

एकतीस जानेवारीच्या पानावर तिने लिहिलं, 'आज खूप थंडी होती. पक्षी गात होते.' कोणते पक्षी, ते तिला सुचेना. तिने पुढचं पान उलटलं.

हे सगळं सुरू झालं होतं शमिकाच्या अडखळण्यापासून. दुसरीत उभं राहून धडा वाचायची पाळी आली की ती पहिल्याच शब्दावर अडायची, मागून कुणीतरी फिस्सकन हसायचं, आणि नाताळपर्यंत पोरगी शाळेत बोलेनाशीच झाली. पुढे घरीही निम्मीच वाक्यं. कांचनने तिला शाळेतून काढून घरी शिकवायचं ठरवलं, तेव्हा प्रतीकने दोन दिवस विचार केला आणि मान डोलावली. त्यांच्या चर्चच्या मंडळीतल्या तीन कुटुंबांची मुलं आधीपासून घरीच शिकत होती, त्यामुळे वाट अगदीच अनोळखी नव्हती. पण फोन नगरला गेला. तिकडे प्रतीकचे वडील सुधाकर साळवे, एकोणचाळीस वर्षं शाळेत घालवून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, सगळं ऐकून घेऊन म्हणाले होते:

"एक वर्ष देतो. मार्चअखेर मी स्वतः येऊन बघेन. पटलं तर पटलं. नाही पटलं, तर एप्रिलपासून पोरगी शाळेत. कबूल?"

प्रतीकने कबूल म्हटलं होतं. कारखान्यात तो चाळीस माणसांना कामाला लावायचा, पण वडिलांच्या आवाजापुढे त्याची अजून सातवीच होती.

वर्ष चांगलं गेलं. गणित, भाषा सगळ्यांचीच असते. पण कांचनचा जीव होता शनिवारच्या निसर्गपाठात. ज्याने हे सगळं घडवलं त्याची स्तुती करायची, तर त्याने काय घडवलंय ते आधी नीट बघावं तरी, असं तिचं साधं म्हणणं. अयोध्या नगरातल्या त्यांच्या बिल्डिंगमागे एक मोकळं मैदान होतं. घरी शिकणारी पोरं दर शनिवारी सकाळी तिथे जमायची. प्रत्येकाने एक झाड वर्षभरासाठी निवडायचं. दहा मिनिटं एका जागी गप्प बसायचं आणि मग बघितलेलं लिहायचं. ज्या मुलीला बोलायचं नव्हतं, तिला गप्प बसण्याचा अभ्यास मिळाला, आणि त्या गप्प बसण्यातून उन्हाळा संपता संपता शब्द यायला लागले. आधी मुंगळ्यांबद्दल, मग दयाळ पक्ष्याबद्दल, मग सगळ्याबद्दलच. अडखळत यायचे, पण यायचे.

आणि जानेवारीत कांचनला कावीळ झाली. पाच आठवडे अंथरूण. पाढे आणि वाचन तिने उशीला टेकून घेतलं, पण मैदान राहिलं. इतर मुलांनी बोलावलं तरी शमिका आईला सोडून खाली उतरेना. नगरला त्यांनी 'जरा सर्दी-ताप आहे' एवढंच सांगितलं. तिकडे सासूबाईंच्या, कुसुमताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, त्यांना काळजी नको, हे एक कारण. दुसरं कारण कांचनने प्रतीकलाही सांगितलं नव्हतं. बाबांना कळलं, की ते म्हणणार, बघा, मास्तरीण आजारी पडली की शाळाच बंद.

त्या पाच शनिवारी शमिकाने वहीत फक्त तारखा घातल्या आणि पानं कोरी सोडली. नियम म्हणजे नियम. परवा वही चाळताना ती पाच कोरी पानं कांचनला दिसली आणि तिच्या पाचावर धारण बसली.

चौदा फेब्रुवारीच्या पानावर तिने घाईघाईने एक फुलपाखरू उतरवलं. त्याला पाय किती असतात, हे आठवायला वेळ नव्हता. खाली रिक्षा थांबल्याचा आवाज आला, तेव्हा ती वही शेल्फात ठेवून पोह्यांना फोडणी घालत होती.

"सलाम, बाबा."

"सलाम, बेटा. बरी आहेस?" सुधाकर दारात चपला काढत म्हणाले. "वाळलीस."

"उन्हाळा लागला ना इकडे."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. 'वाळलीस' या एका शब्दाने तिच्या हातातला झारा थबकला. सुधाकरांनी पांढऱ्या शर्टाच्या खिशातलं पेन काढून पुन्हा नीट खोचलं, पिशवी खुर्चीच्या पाठीला अडकवली आणि बसले. पिशवीतून लांब खाकी पाकिटाचं एक टोक बाहेर डोकावत होतं. त्यात काय आहे ते तिला माहीत होतं. इथल्या एका शाळेत बाबांचे जुने स्नेही होते, त्यांनी जागा धरून ठेवली होती आणि फॉर्म आधीच नगरला पाठवून दिला होता. सोमवारी शेवटची तारीख.

प्रतीकने येताना जिलबी आणली होती. पोह्यांच्या बशीत जिलबीचा वेढा बघून सुधाकरांनी भुवया वर केल्या.

"पोह्यांबरोबर जिलबी? नगरला कुणी पाहिलं तर वाळीत टाकतील."

"बाबा, इधर ऐसाच चलता है," प्रतीक म्हणाला. "खाऊन तर बघा."

"खाईन ना. आधी प्रार्थना."

सगळ्यांनी डोळे मिटले. सुधाकरांची प्रार्थना त्यांच्या शाळेतल्या परिपाठासारखी होती, मुद्देसूद. प्रवासाबद्दल आभार, कुसुमच्या गुडघ्याबद्दल आभार, अन्नाबद्दल आभार. "आणि प्रभू," ते म्हणाले, "या घरात जे काम खरेपणाने चाललं आहे, ते आज मला नीट बघू दे. आमेन."

कांचनचं आमेन म्हणायचं राहूनच गेलं.

बशा उचलल्यावर त्यांनी शमिकाला समोर बसवलं. आपण तिला मोठ्याने वाचायला लावणार नाही, हे त्यांनी न सांगताच दाखवून दिलं. एका कागदावर दहा गणितं घातली, एक उतारा दिला आणि त्याखाली पाच प्रश्न लिहिले. शमिका पेन्सिल चावत सोडवत बसली. कांचन भाजी निवडायच्या निमित्ताने तिथेच टेकली. कोथिंबिरीची एक जुडी तिने तीनदा निवडली. सुधाकरांनी कागद तपासला. एक वजाबाकी चुकली होती. ते "हं" म्हणाले. त्यांच्या 'हं'चा अर्थ प्रतीकलासुद्धा इतक्या वर्षांत लागला नव्हता.

"आता तुझी ती वही दाखव. फोनवर सांगितली होतीस ती."

शमिकाने वही आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. वाळलेल्या पानाफुलांनी ती इतकी फुगली होती, की मिटत नव्हती. सुधाकरांनी चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. नियम वाचला. खालच्या दोन्ही सह्या बघितल्या. मग ते वाचतच गेले.

'१२ एप्रिल. मुंगळ्यांना साखर आणि खारं बिस्किट ठेवलं. ते बिस्किटाकडे गेले. मला उलट वाटलं होतं.'

'५ जुलै. डबक्याभोवती दोरी लावली. दोरी माझ्या एकवीस पावलांची. मागच्या शनिवारी नऊ पावलं होती.'

'६ सप्टेंबर. दयाळ आला नाही. का ते माहीत नाही.'

या शेवटच्या ओळीवर ते बराच वेळ थांबले. "का ते माहीत नाही," ते स्वतःशीच पुटपुटले, आणि त्यांच्या ओठाचा एक कोपरा किंचित हलला. कांचनला ते दिसलं. मैदानातला चिखल लागलेली पानं, हिरव्या रसाचे डाग, पाऊस पडून फुटलेली शाई, सगळं त्यांनी बोटांनी चाचपून बघितलं. पुढे पुढे कांचनलाही आशा वाटायला लागली, की त्या पाच पानांवरून ते असेच पुढे जातील.

सतरा जानेवारी आली. दोन डोंगर, मध्ये सूर्य. सुधाकरांनी मान वर करून खिडकीबाहेर पूर्वेकडे पाहिलं. तिकडे पाण्याची टाकी होती आणि तिच्यामागे समोरच्या बिल्डिंगची गच्ची. मग त्यांनी पान उलटलं. चोवीस जानेवारी. 'आज पळसाला खूप केशरी फुलं आली आहेत.' त्यांनी तेही पान उलटलं, मग तिसरं, चौथं, पाचवं. मग अठ्ठावीस फेब्रुवारीचं पान आलं, आणि तिथे ते थांबले. एक बोट त्या पानात ठेवून दुसऱ्या हाताने त्यांनी वही पुन्हा मागे चाळली.

अठ्ठावीस फेब्रुवारीला शमिकाने लिहिलं होतं: 'आज पळसाला पहिलं फूल. एकच. सगळ्यात वरच्या फांदीला. मी आणि आईने टाळ्या वाजवल्या.'

टाळ्या वाजवल्या होत्या की कांचनने! अंथरुणातून उठल्यावर मैदानात गेलेला तो दुसराच शनिवार होता, आणि त्या एका फुलासाठी ती लहान मुलीसारखी नाचली होती. अख्खी सकाळ खोटेपणा करण्यात घालवली आणि पुढची दोन पानं उलटून बघायचं सुचलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"शमिका," सुधाकर म्हणाले, "तुमच्याकडे पळस वर्षातून दोनदा फुलतो का गं?"

शमिकाने वही आपल्याकडे ओढून घेतली. चोवीस जानेवारीचं पान तिने बघितलं, मग आधीचं, मग पुढची तीन. फुलपाखराच्या पायांवर तिचं बोट थांबलं. तिथे सहाऐवजी चारच पाय होते. मग तिने मान वर केली आणि आईकडे पाहिलं.

कोथिंबिरीच्या काड्या हातात धरून कांचन तशीच बसून राहिली. मनातली एक कांचन म्हणत होती, सांग पोरी, मीच लिहिलंय म्हण, एवढ्या एका वाक्याने सगळं निभावून जाईल. दुसरीला आपण असं म्हणतोय याचीच लाज वाटत होती. प्रतीक पेपरमागून डोकावला. त्याला अजून काहीच कळलं नव्हतं.

"हे..." शमिका म्हणाली आणि अडली. सुधाकरांनी तिचा शब्द पुरा केला नाही. ते वाट बघत राहिले. "हे मी नाही लिहिलं. मी... कोरं ठेवलं होतं."

"मी लिहिलं, बाबा," कांचन म्हणाली.

"कधी?"

"आज सकाळी. तुमची गाडी लेट होती तेव्हा."

"कांचन!" प्रतीकने पेपर खाली ठेवला.

बोलून टाकल्यावर तिला वाटलं होतं तसं आभाळ कोसळलं नाही. उलट सकाळपासून छातीवर ठेवलेलं ओझं कुणीतरी उचलून घेतल्यासारखं झालं, आणि आता काय व्हायचं ते होवो, असं तिला मनापासून वाटलं. तिने शमिकाकडे पाहिलं.

"चुकलं माझं."

शमिकाने वहीचं पहिलं पान उघडून तिच्यासमोर धरलं. "खाली तुझी पण साइन आहे."

"आहे," कांचन म्हणाली.

सुधाकरांनी चष्मा काढून हातात घेतला. त्यांचं लक्ष नातीकडे होतं.

"पाच आठवडे कोरे. का?"

"मैदानात गेले नाही."

"का नाही गेलीस?"

शमिकाने पुन्हा आईकडे पाहिलं. या वेळी कांचननेच मान हलवून सांग म्हटलं.

"आईला कावीळ झाली होती."

सुधाकरांनी प्रतीककडे पाहिलं. प्रतीकने मान खाली घातली. "आईचं ऑपरेशन होतं ना, बाबा. टेन्शन नको म्हणून..."

"तुझ्याशी नंतर बोलतो," सुधाकर म्हणाले आणि पुन्हा शमिकाकडे वळले. "मैदानात गेली नाहीस, ठीक. पण पाच आठवडे डोळे मिटून तर बसली नव्हतीस? काही तरी पाहिलंच असशील."

"आईला बघत होते."

"म्हणजे काय करत होतीस?"

"रोज सकाळी पडदा उघडायचे. मग... मग आईला म्हणायचे, इकडे बघ. मग डोळे बघायचे." शमिका थांबत थांबत बोलत होती, काही शब्दांना तिला दोनदा धक्का द्यावा लागत होता, पण ती बोलत होती. "पहिले खूप पिवळे होते. हळदीपेक्षा फिके. लिंबापेक्षा गडद. मग आठ दिवस तसेच. मला वाटलं, पिवळं वाढलं तर..." ते वाक्य तिने तिथेच सोडलं. "मग एक दिवस कोपऱ्यात पांढरं दिसलं. नाकाच्या बाजूने. दुसऱ्या डोळ्यात दोन दिवसांनी. पूर्ण पांढरे झाले उन्नीस फरवरीला. गुरुवार होता."

कांचनला तो पडदा आठवला. रोज सकाळी सर्रकन सरकणारा, तोंडावर ऊन आणणारा पडदा, आणि 'आई, इकडे बघ'. पोरीला एकटं वाटतंय, लाड करून हवेत, असं समजून ती प्रत्येक वेळी तिच्याकडे बघून हसली होती. एकदा तर 'झोपू दे गं' म्हणून खेकसलीही होती. पस्तीस दिवस ही चिमुरडी मनातल्या मनात तो पिवळा रंग मोजत बसली होती आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

"एवढं सगळं पाहिलंस," सुधाकर म्हणाले, "मग लिहिलं का नाहीस?"

शमिकाला प्रश्नच विचित्र वाटला.

"ही निसर्गाची वही आहे ना, आजोबा. आई थोडीच निसर्गात येते."

सुधाकरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला.

"येते," ते म्हणाले. "येते, बाळ."

मग ते कांचनकडे वळले. ती बोलणी खायच्या तयारीने सावरून बसली.

"तू मला आधी विचारायला हवं होतंस."

"काय, बाबा?"

"असली पानं कशी भरतात ते. पाच पानांना पाच वेगवेगळ्या पेन्सिली लागतात. एकावर चहाचा डाग पाडायचा. एक तारीख मुद्दाम खोडायची. तू सगळी एका बैठकीत, एका हाताने आणि चकचकीत भरलीस. मला सूर्यापाशीच कळलं." त्यांनी चष्म्याची काडी वहीवर टेकवली. "माझ्या शाळेत तपासणी सोमवारी असली, की शनिवारी अख्खी नववी बसवून मी प्रयोगवह्या भरून घ्यायचो. जो कुंडीत लावलाच नाही, त्या घेवड्याची उंची बारा आठवडे लिहायची. आणि वाढसुद्धा व्यवस्थित दाखवायची, हळूहळू. तुझी एक वही. मी शाळेच्या शाळा भरल्या."

प्रतीक हसला आणि मग हसावं की नाही हे न कळून थांबला. सातवीत असताना त्या घेवड्याचं घरी किती कौतुक ऐकलं होतं, ते त्याला आठवलं असावं.

"इतक्या वर्षांत," सुधाकर म्हणाले, "एकही पोर उठून म्हणालं नाही, सर, हे आम्ही पाहिलेलं नाही. एकही नाही. मी त्याला शिस्त समजत होतो."

खाली भाजीवाल्याची आरोळी येऊन गेली.

त्या शांततेचं शमिकाला काही वाटलं नाही. तिच्यापुढे वेगळीच अडचण होती. ती पाच खोटी पानं दोन बोटांत धरून वहीची शिवण बघत होती.

"फाडायची का?" प्रतीकने विचारलं.

"नको. फाडलं तर इधरवाली पानं पण सुटतात. डबक्याचं सुटेल." तिने थोडा विचार केला. "वरून कागद चिकटवावा लागेल. कोरा."

कांचन उठली. घरात कोरा कागद म्हणजे प्रतीकच्या कपाटात, तो ती काढायला निघाली.

"थांब," सुधाकर म्हणाले.

त्यांनी खुर्चीच्या पाठीची पिशवी पुढे ओढली आणि ते खाकी पाकीट बाहेर काढलं. आत तीन जाड, पांढरेशुभ्र कागद होते, वर शाळेचा निळा शिक्का. विद्यार्थ्याचे नाव, वडिलांचे नाव, मागील इयत्ता. नाव त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात आधीच भरून ठेवलं होतं. कांचनने ते वाचलं आणि ती उभीच राहिली.

"छापलंय एकाच बाजूला," सुधाकर म्हणाले. "मागून कोरं आहे. कात्री आण."

"बाबा," प्रतीक म्हणाला, "सोमवारी लास्ट डेट आहे त्याची."

"माहीत आहे मला. कागद चांगला आहे, वाया कशाला घालवायचा?"

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते कांचनला त्या क्षणी कळलं. कात्री आणायला ती आतल्या खोलीत गेली आणि तिथे पलंगाच्या कडेला मिनिटभर नुसती बसली. समोर तोच पडदा होता. वर्षभर मनावर बसलेली मार्चअखेर अशी एका वाक्यात उठून गेली होती, आणि तिला एकाच वेळी हसू आणि रडू येत होतं. तिने तोंडावर पाणी मारलं, कात्री घेतली आणि बाहेर आली.

सुधाकरांनी कागदांच्या नीट मधोमध घड्या घातल्या, नखाने दाबल्या आणि कापले. तीन कागदांचे सहा तुकडे झाले. शमिका एकेक पालथा घालून, डिंक लावून, तळव्याने दाबत गेली. सूर्य झाकला गेला, पळस झाकला गेला, चार पायांचं फुलपाखरू गेलं. तिने तारखा पुन्हा घातल्या. मग वहीवर ओणवी होऊन लिहायला लागली. 'ळ' पोटात मोठा, शेपटीला बारीक.

सहावा तुकडा उरला होता. तो तिने आजोबांच्या पुढ्यात सरकवला.

"हा तुमचा. दहा मिनिटं बसायचं. मग लिहायचं."

"मी काय लिहू?"

"दिसेल ते."

सुधाकरांनी खिशातलं पेन काढलं. ते खिडकीकडे तोंड करून, परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसले. कुसुमताईंचा फोन आला, तेव्हा प्रतीकने हळूच उचलून सांगितलं, की बाबा बिझी आहेत, अभ्यास करतायत. पलीकडून कुसुमताई काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही, पण प्रतीक बराच वेळ हसत होता. मग तो आवाज उतरवून म्हणाला, "आई, एक सांगायचं राहिलं होतं तुला. जानेवारीतलं," आणि फोन घेऊन गॅलरीत गेला.

पाचही पानं भरली. शमिकाने पुढची खरी पानं उलटली, पळसाचं पहिलं फूल ओलांडलं, आणि नवं, आजचं पान काढलं. तारीख घातली. अठ्ठावीस मार्च. मग पेन्सिल कानामागे खोचून ती आईकडे आली.

"आई, उजेडात ये."

कांचन खिडकीपाशी गेली आणि खाली वाकली. शमिकाने दोन्ही हातांनी तिची हनुवटी धरली. आधी एक डोळा बघितला, मग दुसरा, मग परत पहिला. मुंगळ्यांना बघायची, तेवढाच वेळ तिने घेतला.

"हलू नकोस."

"नाही हलत," कांचन म्हणाली. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही.

शमिका परत जाऊन बसली. लिहिण्याआधी तिने एकदा मान वळवून खिडकीशी बसलेल्या आजोबांकडेही पाहिलं, आणि मग सावकाश, एकेक अक्षर काढत लिहिलं:

'आईचे डोळे पांढरे आहेत. थोडे लाल, पण ते रडल्यामुळे. आजोबांचे पण.'